श्पान्या दोलिना: खडक सोडून सगळे बाहेरचे

नाव ऐकून स्पेन आठवतो, पण स्पेनचा इथे काडीचा संबंध नाही. 'श्पान' म्हणजे राजाने नेमलेला मुलखाचा कारभारी, आपल्या सुभेदारासारखा. 'दोलिना' म्हणजे दरी. जर्मन खाणकामगार या जागेला हेरेनग्रुंड म्हणत, हंगेरियनमध्ये ती उर्वोल्ज. तिन्ही भाषांत अर्थ एकच निघतो: साहेबांची दरी. गावाच्या नावातच मालक बसलेला असल्यावर मजुराच्या वाट्याला काय आले असेल, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो, कारण या गावाची सगळी गोष्ट तीच आहे.

गाव मध्य स्लोव्हाकियात आहे. बान्स्का बिस्त्रित्सा हे जिल्ह्याचे शहर, तिथून उत्तरेला दहा-बारा किलोमीटर. डोनोवालीच्या खिंडीकडे जाणारा मोठा रस्ता सोडून एका अरुंद दरीत वळायचे आणि चढत राहायचे. उंची साधारण ७३० मीटर, म्हणजे माथेरानपेक्षा थोडी कमी. एका अंगाला वेल्का फात्राचे डोंगर, दुसऱ्या अंगाला निझ्के तात्रीची रांग आणि मधल्या स्तारे होरीच्या डोंगरात ही खाच. वस्ती दोनशेच्या आसपास. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या दोन इमारतींत याहून जास्त माणसे राहत असतील.

पण गावात शिरल्यावर घरांच्या आधी नजर जाते ती ढिगाऱ्यावर. छपरांवरून डोके काढून उभा असलेला तांबूस, उघडाबोडका डोंगर. हा डोंगर देवाने केलेला नाही. 'माक्सिमिलियान' नावाच्या खाणीतून काढून टाकलेल्या दगडमातीचा तो ढीग आहे. दोनशे माणसांच्या गावाला एवढा ढीग कसा, हाच या प्रकरणाचा प्रश्न. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. या दरीत तिचे स्वतःचे असे फक्त खडक होते. पाणी, लाकूड, शिसे, धान्य, भांडवल, माणसे सगळे बाहेरून आणावे लागले आणि खडकातून जे निघाले ते सगळे बाहेर गेले. मागे राहिला तो हा ढीग.

खडक

इथला खडक पर्मियन काळातला, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुना. वालुकाश्म आणि गोटेमिश्रित खडक, रंगाने पुष्कळ ठिकाणी लालसर. ढिगाऱ्याला तो तांबूस रंग मुख्यतः या दगडाचा आहे, तांब्याचा नव्हे. पाहणाऱ्याची मात्र फसगत होतेच. त्या खडकात शिरा आहेत, त्यांत मुख्यतः दोन खनिजे. एक कॅल्कोपायराइट, पितळेसारखे पिवळे. दुसरे टेट्राहेड्राइट, करड्या रंगाचे. ते महत्त्वाचे, कारण त्यात तांब्याबरोबर थोडी चांदी असते. पृष्ठभागाजवळ हवा-पाण्याने ही खनिजे कुजली, म्हणून वरच्या थरात हिरवे मॅलाकाइट आणि निळे अझुराइट सापडते. डोंगरात तांबे आहे हे ओळखायला भूगर्भशास्त्र यावे लागत नव्हते. हिरवा-निळा डाग दिसला की पुरे.

तो डाग फार पूर्वी कुणाच्या तरी नजरेस पडला होता. गावाशेजारच्या पिएस्की या भागात दगडी हातोडे सापडले आहेत. मधोमध खाच, दोर किंवा दांडा बांधायला. लोखंड माणसाच्या हाती येण्याआधीचे हे काम.

नोंदीतला इतिहास तेराव्या शतकात सुरू होतो. हा मुलूख तेव्हा हंगेरीच्या राज्यात होता आणि १२४१ मध्ये मंगोल स्वारीने ते राज्य उद्ध्वस्त झाले. त्यानंतर राजा चौथा बेला याने बाहेरून माणसे आणून वसवण्याचा सपाटा लावला. १२५५ मध्ये बान्स्का बिस्त्रित्साला सनद मिळाली आणि जर्मन खाणवाल्यांचा तिथे जम बसला. शहर खाली नदीकाठी, खाणी वर डोंगरात. हा उतार लक्षात ठेवा. पुढे जे काही घडले ते या उतारावरून घडले.

पाणी, शिसे आणि सोयरीक

दोनशे वर्षांत वरचे सोपे खनिज संपले आणि खाणी खोल गेल्या. खोल गेले की पाणी लागते. पंधराव्या शतकाच्या शेवटी इथल्या खाणींची मुख्य अडचण हीच होती: खनिज दिसते आहे, पण पाण्याखाली. उपसायला यंत्रे हवीत, यंत्रांना पैसा हवा.

इथे यान थुर्झो येतो. मूळचा लेवोचा या गावचा, क्राकूव्हला व्यापार वाढवलेला. दोन गोष्टींत त्याचे नाव होते: बुडलेल्या खाणी कोरड्या करणे आणि तांब्यातून चांदी वेगळी काढणे. पैसा मात्र त्याच्याकडेही पुरेसा नव्हता. तो होता आउग्सबुर्गच्या याकोब फुगरकडे, त्या काळच्या युरोपातल्या सर्वांत मोठ्या सावकाराकडे. १४९४-९५ मध्ये दोघांनी करार केला. १४९७ मध्ये थुर्झोच्या मुलाचे लग्न फुगर घराण्यातल्या मुलीशी लागले. धंद्यातली सोयरीक घरात आली.

चांदी काढायची ती युक्ती थोडी सांगण्यासारखी आहे. चांदी असलेले तांबे शिशाबरोबर वितळवायचे. चांदीला तांब्यापेक्षा शिशाची संगत जास्त आवडते. मिश्रणाच्या वड्या पाडायच्या, त्या थंड करायच्या आणि मग बेताच्या आचेवर पुन्हा तापवायच्या. शिसे ३२७ अंशांना वितळते, तांब्याला १,०८५ अंश लागतात. म्हणून वडी जागेवर राहते आणि तिच्यातून शिसे घामासारखे ठिबकते, चांदीला बरोबर घेऊन. मग त्या शिशातून चांदी वेगळी करायची. हे साधायला तांब्याच्या कितीतरी पट शिसे जाळावे लागे आणि या डोंगरात तेवढे शिसे नव्हते. ते पोलंडमधून आणि आल्प्समधल्या कारिन्थियातून गाड्यांवर येत असे. थुर्झो-फुगरांनी वितळवण्याच्या भट्ट्याही नुसत्या बान्स्का बिस्त्रित्सात न ठेवता कारिन्थियात आणि जर्मनीतल्या थुरिंगियातही घातल्या. खनिज हलवायचे की शिसे, हा त्यांच्या हिशेबाचा प्रश्न होता.

लाकडाचेही तेच. भट्टीला कोळसा, बोगद्याला आधार, पाणचक्कीला नळ. डोंगर बोडके होत चालले. १५६५ मध्ये माक्सिमिलियान राजाने या खाण-शहरांसाठी जंगलाचा स्वतंत्र कायदा केला: कुठे, किती आणि कधी तोडायचे. झाडांवर प्रेम म्हणून नव्हे. कोळसा संपला तर तांबे बंद, एवढा सरळ हिशेब त्यामागे होता.

आणि गंमत पाहा, बोगद्यात नको इतके पाणी आणि वर यंत्रे फिरवायला पाणी नाही. गाव दरीच्या अगदी माथ्याजवळ, ओढा जेमतेम. तेव्हा निझ्के तात्रीतल्या प्राशिवा डोंगराच्या उतारावरून, तीस किलोमीटरहून जास्त अंतरावरून, पाट काढून पाणी इथे आणले. उताराला धरून, वळसे घेत, कुठे जमिनीत खोदलेला चर तर कुठे लाकडी पन्हळ. या पाटाच्या खुणा जंगलात अजून दिसतात. कोकणात डोंगरातून बागेला पन्हळीने पाणी आणलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना चित्र डोळ्यांसमोर येईल; फक्त लांबी तीस किलोमीटर धरा.

दरीतून समुद्रावर

फुगरांचे तांबे एका वाटेने क्राकूव्हमार्गे बाल्टिक समुद्रावर जाई आणि तिथून जहाजाने अँटवर्पला. अँटवर्पमध्ये गिऱ्हाईक टपून बसलेले होते: पोर्तुगालच्या राजाचा व्यापारी कारभारी. पोर्तुगीजांना हिंदुस्थानात मिरी घ्यायची होती आणि युरोपातला कुठला माल इथे खपेल हा त्यांचा कायमचा घोर होता. लोकरीचे कापड मलबारच्या उन्हात कोण घेणार? तांबे मात्र खपत होते. कोचीच्या मिरीची किंमत काही नाण्यांत आणि काही तांब्यात चुकती होई. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने तिथे टांकसाळ उघडली, त्यात तांब्याची नाणीही पाडली. कोकण किनाऱ्यावर चौलच्या बाजारातही तांब्याला मागणी होती. दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज कारकून त्या काळात हा किनारा पाहून गेला. देशावर हे तांबे नाण्यांसाठी आणि स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी जाते, असे तो लिहितो.

१५०५ मध्ये पोर्तुगीजांचा हिंदुस्थानातला पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेइदा जो ताफा घेऊन निघाला, त्यात जर्मन व्यापाऱ्यांचा पैसा होता आणि त्या व्यापाऱ्यांत फुगरही होते. याच आल्मेइदाचा मुलगा १५०८ मध्ये चौलच्या खाडीत लढताना मारला गेला.

हे सगळे कागदावरचे. पण २००८ मध्ये हाताला लागेल असा पुरावा मिळाला. नामिबियाच्या किनाऱ्यावर ओरान्येमुंडजवळ हिऱ्यांसाठी वाळू उपसताना एक जहाज सापडले. १५३३ मध्ये लिस्बनहून हिंदुस्थानला निघालेले आणि वाटेत हरवलेले 'बोम जेझुस' ते हेच असावे, असे अभ्यासक मानतात. त्यावर दोन हजारांहून जास्त सोन्याची नाणी होती, शंभरावर हस्तिदंत होते आणि अर्धगोल आकाराचे तांब्याचे गोळे होते, एकूण सोळा-सतरा टन. गोळ्यांवर फुगरांचा शिक्का, त्रिशूळ. तांब्याची तपासणी केली तेव्हा त्याचा माग स्लोव्हाकियाच्या धातुपर्वतात, बान्स्का बिस्त्रित्साच्या डोंगरांकडे लागला. म्हणजे ही दरी आणि तिच्या शेजारच्या दऱ्या.

मला सोन्यापेक्षा एक दुसरी बारीक गोष्ट जास्त आवडते. जहाजाचे लाकूड साडेचारशेहून जास्त वर्षे टिकले ते या तांब्यामुळे. गोळ्यांच्या वजनाखाली फळ्या दबून राहिल्या आणि तांब्याच्या विषाने लाकूड खाणारे जीव जवळ फिरकले नाहीत. हे विष या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

धान्य

एवढा माल जगभर जात असताना वर दरीत लोक काय खात होते? पिकवण्यासारखी जमीन नव्हती. उतारावर गवताचे तुकडे, एखादी गाय-शेळी, घरामागे भाजीपुरता वाफा. धान्य खालून विकत यायचे आणि ते मजुरीच्या पैशांत घ्यावे लागे. म्हणून इथल्या माणसाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रश्न तांब्याच्या भावाचा नव्हता, नाण्यातल्या चांदीचा होता.

१५२० नंतर हंगेरीचा राजा दुसरा लायोश याने खजिना भागवायला नाण्यांत भेसळ केली. नाणे तेवढेच, चांदी कमी. बाजारात धान्य महागले, मजुरी जागच्या जागी. १५२५ मध्ये खाणकामगार उठले. राजाने त्या गडबडीत फुगर-थुर्झोंची मालमत्ताच ताब्यात घेतली, पण कामगारांच्या ताटात त्याने काही पडले नाही. उठाव पुढच्या वर्षीपर्यंत धुमसत राहिला. श्पान्या दोलिनाचे लोक त्यात पुढे होते. अखेर राज्याचा मुख्य अधिकारी वेर्बोत्सी फौज घेऊन आला, निवाडा झाला आणि पुढाऱ्यांना जबर शिक्षा झाल्या.

त्याच वर्षी २९ ऑगस्टला मोहाचच्या मैदानावर उस्मानी सैन्याने हंगेरीचा धुव्वा उडवला. लायोश राजाही तिथेच मेला. ज्या खजिन्यासाठी नाणी पातळ केली, तो वाचवायला राजाच उरला नाही. थुर्झो धंद्यातून बाहेर पडले. फुगरांना खाणी परत मिळाल्या, पण १५४६ मध्ये त्यांनीही हात काढून घेतला आणि खाणी हाब्सबुर्ग राजघराण्याकडे गेल्या. साहेब बदलला, दरी साहेबांचीच राहिली.

गावाच्या चर्चला कोट का आहे, याचे उत्तर याच काळात आहे. उस्मानी सरहद्द दक्षिणेकडून वर सरकत होती, म्हणून देवळाचाच किल्ला केला. चर्च उंचावर, त्याला तटबंदी, आणि खालून वर जाणारा छप्पर घातलेला लाकडी जिना, दीडशेहून जास्त पायऱ्यांचा. हिवाळ्यात बर्फात घसरू नये म्हणून छप्पर. जिन्याच्या पायथ्याशी गाव आहे, बाजूला क्लोपाच्का. क्लोपाच्का म्हणजे ठोक्यांचे घर. तिथे टांगलेली लाकडी फळी हातोडीने ठोकून पाळी सुरू झाल्याची वर्दी देत. मुंबईत गिरणीचा भोंगा होता, इथे लाकडाचा ठोका.

लोखंडाचे तांबे

या गावाची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट मात्र खाणीची नाही, खाणीतल्या पाण्याची आहे.

द्राक्षाच्या किंवा सुपारीच्या बागेत ज्यांनी बोर्डो मिश्रण केले आहे, त्यांना हा भाग समजावून सांगावा लागणार नाही. मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि चुना वेगवेगळे भिजवून एकत्र केले की मिश्रण बेतशीर झाले का हे पाहायला त्यात लखलखीत घासलेला विळा किंवा चाकू बुडवतात. पात्यावर तांबूस पुट चढले तर मोरचूद मोकळे आहे, अजून चुना घाला. मोरचुदाचे द्रावण लोखंडी पिंपात कधी ठेवत नाहीत, तेही याच कारणाने. पिंप विरघळते आणि तांबे खाली बसते.

श्पान्या दोलिनाच्या जुन्या बोगद्यांतून झिरपणारे पाणी म्हणजे आयते मोरचुदाचे पाणी. कुजलेल्या खनिजातले तांबे पाण्यात उतरलेले. सतराव्या शतकात लोकांच्या लक्षात आले, की या पाण्यात लोखंडाचा तुकडा टाकला तर काही दिवसांनी तिथे लोखंड राहत नाही, त्याच आकाराचे तांबे मिळते. मग लाकडी पन्हळी मांडल्या, त्यांत मोडके लोखंड घातले, वरून हे पाणी सोडले आणि तळाशी साचलेला तांब्याचा गाळ खरवडून वितळवला. लोखंड विरघळून पाण्यात जाते, पाण्यातले तांबे त्याची जागा घेते. इथे काही रूपांतर होत नाही, अदलाबदल होते. पण तो काळ किमयागारांचा. लोखंडाचे तांबे होते तर तांब्याचे सोने का होणार नाही, अशी आशा बाळगणारे थोडे नव्हते. एडवर्ड ब्राउन नावाचा इंग्रज डॉक्टर १६६९ च्या सुमारास या भागात फिरला, खाणीत उतरला आणि या झऱ्यांचे वर्णन लिहून गेला. त्यामुळे हेरेनग्रुंड हे नाव लंडनच्या विद्वानांपर्यंत पोहोचले.

या तांब्याचे लहान पेले, वाट्या करत आणि सोन्याचा मुलामा देत. आत चांदीचे बारके खाणकामगार किंवा खडकाचे तुकडे बसवत आणि काठावर दोन ओळी कोरत. एका पेल्यावरच्या जर्मन ओळींचा अर्थ असा: लोखंड होतो, तांबे झालो, चांदी अंगावर, सोन्याने झाकलो. हे पेले आता संग्रहालयांतून दिसतात, 'हेरेनग्रुंडचे पेले' म्हणून ओळखले जातात. पाहुण्याला द्यायची भेटवस्तू, आजच्या भाषेत सोव्हेनिअर. गावात तयार होऊन गावाचे नाव घेऊन बाहेर गेलेली बहुधा ही एकच वस्तू. बाकीचे तांबे त्रिशूळ घेऊन गेले.

इथल्या बोगद्यांत सापडलेल्या एका हिरवट-निळ्या खनिजालाही एकोणिसाव्या शतकात गावाच्या नावावरून हेरेनग्रुंडाइट हे नाव दिले होते. पुढे ते देव्हिलीन हे आधीच नाव मिळालेले खनिज असल्याचे ठरले आणि गावाचे नाव पुस्तकातून खाली उतरले.

खाण बंद झाल्यावर

एकोणिसाव्या शतकात चिली, स्पेन, अमेरिका इथून स्वस्त तांबे येऊ लागले. इथल्या पातळ शिरा त्यांच्यापुढे टिकणाऱ्या नव्हत्या. १८८८ च्या सुमारास खाणकाम थांबले.

खाणगावांचे पुढे काय होते हे जगभर ठाऊक आहे: घरे पडतात, माणसे जातात. इथे माणसे गेली, घरे राहिली. खाणकामगारांची ही घरे शेतकऱ्यांच्या घरांसारखी नाहीत. गोठा-खळ्याला जागाच नाही, त्यामुळे घर वर चढते: खाली दगडी तळघर, वर लाकडी मजले, बाहेरून लाकडी सज्जा, आणि एका घरात दोन-तीन कुटुंबे. आपल्या चाळीची आठवण यावी असे. पाडून नवे बांधायला कुणाकडे पैसा नव्हता, म्हणून जुने टिकले आणि पुढे सरकारने ते संरक्षित म्हणून जाहीर केले. गरिबीने जपलेला वारसा, असे म्हणायला जीभ कचरते, पण खरे तेच आहे.

बायकांच्या हातात लेस होती. गोल उशीवर नमुन्याचा कागद टाचून, लाकडी बारीक दांड्यांवर गुंडाळलेले धागे एकमेकांवरून टाकत विणायची लेस. दांड्या एकमेकांवर आपटून सारखा टकटक आवाज होतो. नवरा खाणीत असतानाही ही कमाई घरात होतीच, खाण बंद झाल्यावर ती मुख्य झाली. ही कला गावात अजून आहे. धागा अर्थातच बाहेरून येतो.

ढिगाऱ्यावर सव्वाशेहून जास्त वर्षांनंतरही नीट गवत धरत नाही. तांबे, आर्सेनिक, अँटिमनी मातीत उरले आहे. 'बोम जेझुस'च्या फळ्या ज्या विषाने राखल्या, बागेतला केवडा ज्याने आटोक्यात राहतो, तेच इथे रोपाला उभे राहू देत नाही. कडेकडेने बर्च आणि पाइन चढू पाहतात, मधला उतार मात्र मोकळाच.

बरीचशी घरे आता शहरातल्या लोकांनी सुट्टीसाठी घेतली आहेत. सज्जे रंगवले, छपरे दुरुस्त केली, हे चांगलेच झाले, नाहीतर कोसळली असती. शनिवारी गाड्या वर येतात, लोक ढिगाऱ्यावर चढून फोटो काढतात, तांब्याचे छोटे संग्रहालय पाहतात. रविवारी संध्याकाळी त्या एकापाठोपाठ एक त्याच उतारावरून खाली बान्स्का बिस्त्रित्साकडे निघतात.